दुधाचं बिल एका पैशाने का चुकतं? पायथॉनमधल्या आकडेमोडीबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना हे तुम्हाला ताडता येईल. घरच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब तुम्ही पायथॉनमध्ये लिहायला घेतलाय. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, दर आणि दर दहा दिवसांनी बिल. अडलात तीन ठिकाणी. एक, ०.१ + ०.२ केलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. दोन, दरपत्रकात ३.३ फॅटचा दर असूनही प्रोग्रॅम म्हणतो की असा दरच नाही. तीन, राउंड (ठरावीक दशांशांपर्यंत जवळची संख्या देणारं फंक्शन) वापरूनसुद्धा बिलाची बेरीज वडिलांच्या कॅल्क्युलेटरशी जुळत नाही, काही पैसे इकडे-तिकडे होतात. शेवटी तुम्ही विचारलंय, "पायथॉन हिशेबाला कच्चं आहे का? दुसरी भाषा घेऊ का?"

भाषा बदलू नका. जावा घेतलीत, जावास्क्रिप्ट घेतलीत किंवा सी, तरी पहिलं उत्तर तेच येईल, कारण तो घोळ भाषेचा नाही, प्रोसेसर अपूर्णांक कसा ठेवतो त्याचा आहे. बहुतेक सगळे प्रोसेसर दशांश अपूर्णांकांसाठी १९८५ साली ठरलेलं आयट्रिपलई ७५४ हे मानक पाळतात. (त्यामागचे मुख्य गणिती विल्यम कहान, १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.) त्यात संख्या दोनच्या घातांच्या बेरजेने लिहिली जाते: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग, बत्तिसावा भाग. या भागांची बेरीज करून जे बनतं ते अचूक बसतं. एक दशांश मात्र असल्या कितीही भागांनी नेमका बनत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश ०.३३३३ लिहून कधीच संपवता येत नाही. मग ५३ बिटांत बसणारी सगळ्यात जवळची संख्या ठेवतात आणि उरलेला बारीक फरक सोडून देतात. तुम्ही ०.१ लिहिता तेव्हा आत ०.१००००००००००००००००५५५ अशी काहीतरी संख्या असते. एरवी ते दिसत नाही. दोन-तीन बेरजांनंतर तो फरक साठतो आणि शेपूट बाहेर डोकावतं.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केली होती आणि हिशेब आणे-पैशांत होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे आणा हा रुपयाचा सोळावा भाग आणि तो जुना पैसा चौसष्टावा. दोन्ही दोनचे घात! सोळा आणे फ्लोटमध्ये (पायथॉन दशांश संख्या अशा दोनच्या घातांत ठेवतो त्या प्रकाराचं हे नाव) एकेक करून मिळवले तर बेरीज नेमकी १.० येते, शेपूट नाही. (पई मात्र दगा देते, कारण रुपयाच्या १९२ पया, आणि १९२ मध्ये तीनचा अवयव आहे.) मग १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसाला हिशेब सोपा झाला, पण शंभरात पाच हा अवयव दोनदा आला आणि बायनरीत, म्हणजे दोनच्या घातांच्या पद्धतीत, नेमका तोच बसत नाही. रुपयाखालच्या शंभर संभाव्य रकमांपैकी फक्त चार फ्लोटमध्ये अचूक बसतात: ०.००, ०.२५, ०.५० आणि ०.७५. म्हणजे शून्य, चार आणे, आठ आणे, बारा आणे. बाकी शहाण्णव रकमा आत किंचित वाकड्याच असतात.

आता दरपत्रकाकडे वळू. तुम्ही ३.० पासून सुरुवात करून लूपमध्ये ०.१ मिळवत डिक्शनरी (किल्ली दिली की तिच्यासमोरची नोंद देणारी यादी) भरलीत. पहिल्यांदा ३.१ आलं, मग ३.२ आलं, ठीक. त्यात आणखी ०.१ मिळवलं की ३.३ येत नाही, ३.३००००००००००००००३ येतं. दर त्या किल्लीखाली जाऊन बसला. काउंटरवर यंत्राने ३.३ फॅट दाखवलं, तुम्ही ३.३ ने शोधलंत, आणि डिक्शनरीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या संख्या आहेत. म्हणून "असा दर नाही". ३.१ आणि ३.२ ला चाललं म्हणून चाचणीत सुटलं असणार. असल्या चुका नेहमी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर दबा धरून बसतात.

उपाय असा की फॅट दशांशात ठेवूच नका. ३.३ ला ३३ म्हणा. लूप ३० पासून पूर्णांकांत चालवा, किल्ली ३३ ठेवा आणि पडद्यावर दाखवताना दहाने भागा. पूर्णांकाची किल्ली कधी हुकत नाही.

राउंडचा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकलात, पण खरी मेख तिथेच आहे. तुमचंच उदाहरण घेऊ: अडीच लिटर गाईचं दूध, दर ३५ रुपये २५ पैसे. गुणाकार ८८.१२५. ही संख्या फ्लोटमध्ये अगदी अचूक बसते, कारण .१२५ म्हणजे अष्टमांश. तरी राउंड(८८.१२५, २) केलं की ८८.१२ येतं, शाळेत शिकलेलं ८८.१३ नाही. पायथॉनने चूक केली का? नाही. पायथॉन ३ चा राउंड बरोबर मधोमध असलेली संख्या सम अंकाकडे वळवतो. राउंड(०.५) शून्य, राउंड(१.५) दोन, राउंड(२.५) पुन्हा दोन, राउंड(३.५) चार. पायथॉन २ मध्ये २.५ चे तीन होत; पायथॉन ३ आलं तेव्हा बदललं. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. कारणही चांगलं आहे: मधली संख्या दरवेळी वरच ढकलली तर हजारो आकड्यांची बेरीज हळूहळू वर सरकते. निम्म्या वेळा वर, निम्म्या वेळा खाली गेली की तोल राहतो.

आता हे बघा: राउंड(२.६७५, २) चं उत्तरही २.६७ येतं, २.६८ नाही. वाटतं, हाच तो सम अंकाचा नियम. पण ७ विषम आहे, नियमाने २.६८ यायला हवं होतं! इथे कारण वेगळंच. २.६७५ फ्लोटमध्ये बसत नाही, आत २.६७४९९९९९९९९९९९९८ च्या आसपास काहीतरी असतं, म्हणजे मधोमध नाहीच, खालीच आहे. म्हणून खाली गेलं. दोन रोग, एकच लक्षण. ताप दोघांनाही, पण एकाला मलेरिया आणि दुसऱ्याला टायफॉइड. लोक "शेवटी ०.००००१ मिळवून राउंड करा" असली गोळी देतात. तिने एक बरा होतो, दुसरा दाबला जातो आणि तिसराच बळावतो. माझ्या हाताखाली कुणी असला कोड लिहिला तर मी परत पाठवतो.

फरक किती पडतो? तुमचा शेतकरी रोज दोन वेळा अडीच-अडीच लिटर घालतो असं धरा. दहा दिवसांच्या वीस पावत्या. प्रत्येक पावती सम अंकाकडे वळवली तर ८८.१२ गुणिले २०, बिल १७६२.४०. शाळेच्या पद्धतीने प्रत्येक पावती वर नेली तर १७६२.६०. पावत्या न वळवता शेवटी एकदाच बेरीज घेतली तर १७६२.५०. तीन पद्धती, तीन बिलं, आणि तिन्ही गणिताच्या दृष्टीने बरोबर. वडिलांचं कॅल्क्युलेटर आणि तुमचा प्रोग्रॅम जुळत नव्हते ते याच्यामुळे.

वीस पैशांवर काय एवढं, असं वाटत असेल तर व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराची गोष्ट ऐका. त्यांनी जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो पुन्हा काढायचे आणि तीन दशांशांनंतरचं सरळ कापून टाकायचे. वर-खाली वळवत नव्हते, कापत होते, म्हणजे प्रत्येक वेळी तोटा एकाच बाजूला. दिवसाला हजारो वेळा. बाजार बरा चालला होता, निर्देशांक मात्र झिजत झिजत नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर आला. नीट पुन्हा हिशेब केला तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. निम्म्याहून जास्त निर्देशांक तिसऱ्या दशांशाखालून गळून गेला होता.

मग तुमच्या बिलासाठी कोणती पद्धत बरोबर? हे गणित ठरवत नाही, करार ठरवतो. पायथॉनला विचारून उपयोग नाही, संघाच्या किंवा डेअरीच्या माणसाला विचारा की पावतीला वळवता की बिलाला, आणि अर्धा पैसा आला तर कुठे. काही ठिकाणी हे कायद्यानेच ठरलेलं असतं. उद्या तुम्ही तूप विकायला लागलात आणि जीएसटी आला, तर केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं की कराची रक्कम जवळच्या रुपयाला आणायची, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर एक रुपया वाढवायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे १२ रुपये ५० पैशांचे कायद्याने १३ होतात आणि पायथॉनच्या साध्या राउंडने १२. इथे पायथॉनची बाजू घेऊन कुणाशी वाद घालता येत नाही.

नवशिक्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: कोणतीही संख्या प्रोग्रॅममध्ये घेण्याआधी विचारा, ही मोजलेली आहे, मापलेली आहे की ठरलेली आहे? कॅन किती, सभासद किती, पैसे किती, या मोजलेल्या. त्या पूर्णांकात, म्हणजे इंटमध्ये ठेवा. दुधाचं तापमान, वजनकाट्यावरून आलेले किलो, किलोचे लिटर करायला साधारण १.०३ ने केलेला भागाकार, या मापलेल्या. मापातच थोडी चूक असते, तिथे फ्लोटच्या सोळाव्या-सतराव्या अंकाची पर्वा कुणाला? फ्लोट तिथे उत्तम आहे, वेगवान आहे, बिनधास्त वापरा. फक्त दोन फ्लोट सारखे आहेत का हे == ने तपासू नका; मॅथ मॉड्यूलमधलं इजक्लोज त्यासाठीच आहे. आणि दर, टक्केवारी, व्याज, कमिशन, या ठरलेल्या. कुणीतरी कागदावर दशांशात लिहून सही केलेल्या. त्या पायथॉनच्या डेसिमल या प्रकारात ठेवा, कारण डेसिमल कागदासारखाच दशांशात हिशेब करतं.

यात एक बारीक मेख आहे, ती मला स्वतःच्या चुकीतून कळली. सुरुवातीच्या काळात मी एका संस्थेसाठी असाच दुधाचा प्रोग्रॅम लिहिला होता. काट्यावरून लिटर तीन दशांशांत येत, मी तसेच ठेवले, पावतीवर मात्र एकच दशांश छापला, दिसायला बरं म्हणून. रक्कम आतल्या तीन दशांशांवरून निघायची. माझ्या मते ते जास्त अचूक होतं! पहिल्याच बिलाला एक निवृत्त मास्तर दहा दिवसांच्या पावत्या रबराने बांधून घेऊन आले. प्रत्येक पावतीवर त्यांनी लिटर गुणिले दर स्वतः करून पेन्सिलने लिहिलं होतं. सतरा ठिकाणी जुळत नव्हतं. कुठे रक्कम जास्त, कुठे कमी. त्यांचं नुकसान झालं नव्हतं, उलट दीडेक रुपया त्यांच्याच बाजूने होता. तरी त्यांचं म्हणणं एकच, "जे छापलंय त्यावरून हे निघत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. काट्यावर असतं तोवर दूध मापलेलं असतं, पण पावतीवर छापलं की तो आकडा ठरलेला झाला. पुढचा सगळा हिशेब त्या छापलेल्या आकड्यावरूनच व्हायला हवा. आत लपवलेली जास्तीची अचूकता म्हणजे हिशेबात बेईमानीसारखीच दिसते, मग ती कितीही प्रामाणिक असो.

आता प्रत्यक्ष कसं लिहायचं. आधी एक खुलासा: या उत्तरात मी अंक आणि फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अंक इंग्रजीच टाका. कोडमध्ये थेट १२ लिहिलंत तर पायथॉन चूक दाखवेल. पण गंमत म्हणजे मजकुरात आलेलं "१२" इंटला दिलं तर तो ते बारा म्हणून बिनतक्रार घेतो. फ्लोट आणि डेसिमलसुद्धा घेतात. म्हणजे काउंटरवरच्या माणसाने मराठी कीबोर्डवरून देवनागरीत लिटर टाकले तरी तुमचा प्रोग्रॅम चालेल. चलांची नावंही देवनागरीत चालतात, दर, लिटर, रक्कम, खुशाल लिहा. इनपुटने आलेली गोष्ट मात्र नेहमी मजकूरच असते हे विसरू नका. "५" + "५" म्हणजे "५५", आणि "५" * ३ म्हणजे "५५५". आधी बदलून घ्या, मग गणित.

पहिला मार्ग, सगळं पूर्णांकांत. दर ३५२५ पैसे, दूध २५०० मिलिलिटर. गुणाकार ८८१२५००. हे हजाराने भागले की ८८१२.५ पैसे, अर्धा पैसा आला. अर्धा वर न्यायचा असेल तर भागण्याआधी पाचशे मिळवा आणि दोन तिरप्या रेघांनी भागा: (८८१२५०० + ५००) // १०००, उत्तर ८८१३ पैसे. फ्लोट कुठे आलाच नाही, त्यामुळे वाद नाही. दर रुपयांतून पैशांत आणताना मात्र इंट(४.३५ * १००) असलं काही करू नका. तो गुणाकार ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतो, इंट दशांश कापतो आणि हातात ४३४ उरतात. पैसा तिथेच गेला.

दुसरा मार्ग डेसिमलचा. डेसिमल("२.५") * डेसिमल("३५.२५") नेमकं ८८.१२५ देतं. मग क्वांटाइझ वापरून डेसिमल("०.०१") पर्यंत आणायचं आणि पद्धत म्हणून राउंड_हाफ_अप लिहायचं, उत्तर ८८.१३. पद्धत लिहिली नाहीत तर इथेही सम अंकाचाच नियम लागतो, म्हणून दरवेळी उघड लिहा. सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला करार काय होता ते कळतं. अवतरणचिन्हं महत्त्वाची आहेत. डेसिमल(०.१) असं लिहिलंत तर आधी फ्लोट बनतो, वाकडा होतो, आणि मग त्या वाकड्याची अचूक नक्कल डेसिमलमध्ये येते. डेसिमल आणि फ्लोट एकत्र मिळवायला गेलात तर पायथॉन सरळ नकार देतो. मला ते आवडतं.

तुमच्यासाठी कोणता? छोट्या केंद्राला मी पूर्णांक पैसे सुचवेन. टक्केवारीची कपात आणि व्याज आलं की डेसिमल.

भागाकाराबद्दल तुम्ही फारसं विचारलं नाहीत, पण तुमच्या कोडमध्ये एक चूक तिथेही दिसते. एक रेघ / नेहमी दशांशात उत्तर देते, ६ / ३ सुद्धा २.० येतं. दोन रेघा // पूर्ण भागाकार देतात आणि % बाकी. ३६५ लिटर दूध चाळीस लिटरच्या कॅनमध्ये भरायचं तर ३६५ // ४० म्हणजे ९ भरलेले कॅन, ३६५ % ४० म्हणजे ५ लिटर उरलं. डिव्हमॉड(३६५, ४०) दोन्ही एकदम देतं. इथवर ठीक.

उणे संख्या आली की मजा सुरू होते. तुमच्याकडे पशुखाद्याची उचल बिलातून कापली जाते, म्हणजे कुणाचं बिल उणे जाणारच. समजा बाकी उणे २५० पैसे. तुम्ही // १०० ने रुपये आणि % १०० ने पैसे काढलेत. पायथॉन सांगतो: रुपये -३, पैसे ५०. पावतीवर छापलं "-३ रुपये ५० पैसे". प्रत्यक्षात देणं अडीच रुपयांचं! पायथॉनच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण उणे तीनशे अधिक पन्नास म्हणजे उणे अडीचशे. त्याचा // नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो, शून्याकडे नाही. बाकीला चिन्ह भाजकाचं मिळतं. सी आणि जावा शून्याकडे जातात, तिथे -२ आणि -५० आलं असतं. डेसिमलचं // आणि % पुन्हा शून्याकडे जाणारं, म्हणजे एकाच भाषेत दोन चाली. हिशेबात उपाय सोपा: चिन्ह आधी बाजूला काढा, ॲब्सने धन संख्या घ्या, रुपये-पैसे पाडा, शेवटी चिन्ह चिकटवा. वरची पाचशे मिळवायची युक्तीही धन रकमेवरच करा. पायथॉनची पद्धत वाईट आहे असं मात्र समजू नका. वारांचा हिशेब करताना सोमवार शून्य धरला तर त्याच्या आदल्या दिवसासाठी -१ % ७ थेट ६ देतं, म्हणजे रविवार. सीमध्ये तिथे उणे एक हातात येतं आणि लोक डोकं धरून बसतात.

शून्याने भागलं तर पायथॉन चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट अनंत म्हणून पुढे जातं. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला "खहर" म्हटलं होतं, म्हणजे जावास्क्रिप्ट त्यांच्या जरा जवळचं म्हणायचं. हिशेबात मात्र थांबलेलंच बरं. एखाद्याने दहा दिवस दूधच घातलं नसेल तर त्याचं सरासरी फॅट काढू नका, आधी लिटर शून्य आहेत का बघा.

दिवाळीचा फरक, म्हणजे सभासदांना दुधापोटी द्यायची जादा रक्कम, वाटायची वेळ आली की आणखी एक प्रश्न येईल, आत्ताच सांगून ठेवतो. हजार रुपये तिघांत सारखे वाटायचे: प्रत्येकी ३३३.३३, बेरीज ९९९.९९. पैसा कुठे गेला? पैशांत करा: डिव्हमॉड(१०००००, ३) देतं ३३३३३ आणि बाकी १. ती बाकी एकाला द्या, म्हणजे एकाला ३३३.३४. फरक लिटरच्या प्रमाणात असतो, तेव्हा प्रत्येकाचा वाटा खाली कापून घ्या, उरलेले पैसे मोजा आणि ज्यांची बाकी सगळ्यात मोठी राहिली त्यांना एकेक पैसा देत जा. बाकी सारखी असेल तर सभासद क्रमांकाने. नियम कोणताही चालेल, पण आधी ठरलेला आणि सगळ्यांना एकच हवा. वाटपानंतर बेरीज मूळ रकमेइतकी आहे का ही तपासणी कोडमध्येच टाका, नसेल तर प्रोग्रॅम थांबू दे.

डेटाबेसचं थोडक्यात. रकमेचा कॉलम फ्लोट ठेवू नका, इतका खटाटोप करून तिथे पाणी ओताल. पैसे पूर्णांकात ठेवत असाल तर पायथॉनचा इंट कितीही मोठा होतो, पण मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसचा साधा इंटिजर ३२ बिटांचा असतो, २१४७४८३६४७ ला संपतो. पैशांत मोजलं तर ते फक्त २ कोटी १४ लाख रुपये आणि वर थोडे. एका केंद्राची रोजची नोंद त्यात मावते, पण संस्थेची वर्षाची उलाढाल मावेलच असं नाही. बिगइंट घ्या.

आणि सभासदाचा मोबाइल नंबर, बँक खातं, आधार, हे आकडे दिसतात म्हणून संख्या नव्हेत. ज्याची कधी बेरीज करणार नाही ते मजकूर म्हणून ठेवा. खात्याच्या सुरुवातीची शून्यं इंटमध्ये गेली की परत येत नाहीत. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ तिथे २३१ होतो. एक्सेल तर पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, म्हणून सोळा अंकी खातं तिकडून आयात करताना शेवटचा अंक डोळ्यांनी बघा.

राहिला बिलावरचा स्वल्पविराम. पायथॉनला स्वल्पविराम घालायला सांगितलं की तो १,२३४,५६७ असं तीन-तीनने तोडतो, वडिलांना हवं १२,३४,५६७. मराठी किंवा भारतीय लोकेल (त्या भाषेप्रमाणे आकडे मांडायची यंत्रावरची सोय) सेट करून हे होतं, पण ते त्या यंत्रावर बसवलेलं असेलच याची खात्री नाही. हातानेच लिहा, दहा ओळींचं काम आहे: शेवटचे तीन अंक वेगळे काढा, उरलेल्यातून उजवीकडून दोन-दोन तोडत जा, स्वल्पविरामाने जोडा. चिन्ह आणि पैसे आधी बाजूला काढायला विसरू नका, नाहीतर "-,५०,०००" असली बिलं छापून येतील. ती मी छापलेली आहेत. पावतीवर देवनागरी अंक हवे असतील तर ते अगदी शेवटी, छापण्याच्या क्षणी ट्रान्सलेटने बदला.

तुमच्या फाईलमध्ये मी आधी दरपत्रकाचा लूप बदलेन, मग उणे बाकीची पावती. राउंडला हात लावण्याआधी वडिलांना विचारा की ते अर्धा पैसा कुठे टाकतात.